पांढरी तीन की पांढरी चार?

वहिनींनी, म्हणजे आमच्या बँडच्या ड्रमवाल्याच्या बायकोने, कॅसेट दिली ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोन रबर लावून. "भावजी, हरवू नका हं," असं दोनदा बजावलं. लोखंडी कपाटात साड्यांच्या तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात ती तीसेक वर्षं पडून होती. कव्हर घडीवर फाटलेलं, पण फितीवर बुरशीचा एक ठिपका नाही. गोव्याचे इतके पावसाळे काढलेली एवढी स्वच्छ फीत मी दुसरी पाहिलेली नाही. माझ्याकडच्या तिन्ही प्रतींच्या कडांना पांढरी लव फुटली होती.

कॅसेट आमच्याच बँडची. १९८९ साली हजार प्रती निघाल्या, त्यातल्या निम्म्याअधिक खपल्या, उरलेल्या कुणाकुणाच्या माळ्यावर गेल्या. इंग्रजी गाणी, आठ. मेलोडिक हार्ड रॉक म्हणजे काय, असं माशेलात कुणी विचारलं तर मी सांगतो: गिटार कर्कश्श, पण चाल अशी की घरी जाताना गुणगुणता आली पाहिजे, आणि मागे कीबोर्डचा मांडव. अमेरिकेत जर्नी, फॉरिनर यांनी हा प्रकार स्टेडियममध्ये नेला. १९८६ साली स्वीडनच्या युरोप बँडने कीबोर्डवर एक तुतारी फुंकली आणि जगभरच्या कीबोर्डवाल्यांना वाटलं, आता आपले दिवस आले. मलाही वाटलं. मुंबईच्या रॉक मशीनचा पहिला आल्बम १९८८ मध्ये आला, तेव्हा तर आमची खात्रीच पटली.

आम्ही पाच जण. गायक आणि गिटारवाला बार्देशातले, दोघंही चर्चच्या शाळेत सोल्फा शिकलेले, कागदावरची सुरावट वर्तमानपत्रासारखी वाचणारे. बासवाला सासष्टीचा, पुढे तो तारवटी झाला आणि क्रूझवरच्या बँडमध्ये आयुष्य काढलं. मी माशेलचा. देवळातल्या भजनात पेटी धरून हात बसलेला. आणि डिचोलीचा ढोल्या. त्याचं खरं नाव आम्हीही क्वचितच घ्यायचो. शिगम्यात ताशा वाजवत मोठा झालेला माणूस, ड्रम्सवर पहिल्यांदा बसला तेव्हा विचारता झाला, "पायांनीसुद्धा वाजवायचं?"

तालीम साळगावला, गिटारवाल्याच्या घरी. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, त्यानंतर माझा प्रवास असा: माशेलहून बसने पणजी, फेरीबोटीने बेती, तिथून ढोल्याच्या स्कूटरवर मागे. मांडीवर आडवा यामाहा डीएक्स-७ कीबोर्ड, चादरीत गुंडाळलेला. बासवाल्याच्या काकाने तो जहाजावरून आणला होता. फेरीत एकदा एका कोळणीने विचारलं, "प्रेत कुणाचं?"

रेकॉर्डिंग मुंबईत, चार रात्रीत. कोकण रेल्वे तेव्हा कुठली! रात्रभराची बस. पैसे आमचेच. रेमो फर्नांडिसनी १९८४ मध्ये शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर अख्खा आल्बम केला आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या, हे गोव्यात प्रत्येक वाजवणाऱ्याला ठाऊक होतं. तसंच करा, असं बरेच जण म्हणाले. पण आम्हाला ड्रम्सचा आवाज मोठा हवा होता, आणि तो घरात मावत नव्हता. तयार टेप एका छोट्या कॅसेट कंपनीला दिला. त्यांचा मुख्य धंदा भक्तिगीतांचा. हे पुढे लक्षात ठेवा.

तर तीन वर्षांपूर्वी जर्मनीहून एका माणसाची ईमेल आली. असे जुने, विस्मृतीत गेलेले आल्बम शोधून तो एलपीवर, तीनशे-पाचशे प्रतींत, पुन्हा काढतो. हा छंद की धंदा, हे मला अजून उमगलेलं नाही. आमची कॅसेट त्याच्या मित्राने कधीकाळी हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात कशाच्या तरी बदल्यात घेतली होती. त्याने तीन प्रश्न विचारले. हक्क कुणाकडे? मास्टर टेप, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची फीत, कुठे? फोटोंची निगेटिव्ह आहेत का?

फोटोचं लवकर आटपलं. निगेटिव्ह नाहीत, म्हापशाचा तो फोटो स्टुडिओ बंद पडून जमाना झाला. कॅसेटचं कव्हरच स्कॅन केलं. छपाईचे ठिपके मोठे दिसतात, पण पाच जणांचे केस एवढे भरघोस आहेत की ठिपक्यांकडे लक्ष जात नाही.

हक्काचं मात्र चांगलंच लांबलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे आमचा २०४९ संपेपर्यंत. रेकॉर्डिंगचा पुढाकार आणि खर्च आमचा, त्यामुळे मूळ मालक आम्ही. पण कंपनीला आम्ही एक कागद लिहून दिला होता, एक पानी, टंकलेखित, "सर्व हक्क" असे शब्द असलेला. मुदत लिहिलेली नाही. इंटरनेटवर वाचून मी खूश झालो, कारण कलम १९ म्हणतं की मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाचच वर्षांचं धरायचं. फोंड्याच्या वकिलांनी चष्मा पुसला आणि त्याच कलमाचं सातवं पोटकलम वाचून दाखवलं. १९९४ ची दुरुस्ती लागू होण्याआधीच्या करारांना हा नियम नाही. आमचा कागद १९८९ चा.

म्हणजे कंपनीची सही हवी. कंपनी उरलेली नाही, मालक वारलेले. मुलाचा शोध लागायला पाच महिने गेले, आणि त्याने फोन उचलायला आणखी दोन. माणूस भला निघाला. "कसली कॅसेट? इंग्रजी? बाबांनी इंग्रजी काढली होती?" असं म्हणून हसतच सुटला. एक रक्कम ठरली, त्याने हक्क परत लिहून दिले.

मग आमच्या आपसातल्या सह्या. गायक स्विंडनला, बासवाला समुद्रावर, ढोल्या २०१४ मध्ये गेला. इथे वकिलांनी अस्सल गोव्याचा मुद्दा काढला. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने, वेगळा करार नसेल तर, लग्नानंतर मिळकत नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. घर विकताना बायकोची सही लागते, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आठ इंग्रजी गाण्यांनाही ती लागते का, हे मी विचारलं. वकील म्हणाले, "त्यात शिरण्यापेक्षा घेऊन टाका." माझ्या बायकोने सही केली आणि विचारलं, "यातून मला किती मिळणार?" मी आकडा सांगितला. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही.

वहिनींची सही घ्यायला डिचोलीला गेलो, त्याच दिवशी कॅसेट मिळाली.

मास्टर टेप त्याच मुलाच्या मुंबईच्या घरात, माळ्यावर सापडले. पाव इंची फितीची दोन मोठी रिळं, एका बाजूला एक. सेकंदाला १५ इंचांच्या वेगाने अशा रिळावर जेमतेम ३३ मिनिटं मावतात, म्हणून दोन. डब्यांवर आमचं नाव, ए आणि बी. मी कोकणकन्येने करमळीहून निघालो, रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे घेऊन ज्यांच्याकडे जुनी यंत्रं अजून चालू आहेत अशा एका ध्वनिमुद्रकांकडे पोचलो.

त्यांनी रीळ यंत्राला लावलंच नाही. आधी बोटाने फीत चाचपली, वास घेतला. त्या काळातल्या बऱ्याच फितींवरचा गोंद हवेतली ओल पितो आणि चिकट होतो. तशी वाजवली तर किंचाळते आणि हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, तपकिरी मळ सोडून जाते. तो मळ म्हणजेच तुमचं गाणं. उपाय म्हणजे भाजायचं. ५४ अंशांच्या आसपास, आठ तास, सावकाश. भाजल्यावर काही आठवडे फीत शहाण्यासारखी वागते, तेवढ्यात उतरवून घ्यायचं. बेबिंका या गोव्याच्या गोड पदार्थाचे थर भाजताना घराघरात जो धाक असतो तो मी लहानपणी शेजारी पाहिला होता. त्या दिवशी मी तसाच भट्टीसमोर बसून राहिलो. ध्वनिमुद्रक जेवायला गेले तरी मी उठलो नाही.

आधी बीचं रीळ लावलं. झांजा वाजल्या, पेटी वाजली, आणि पाठोपाठ गणपतीची आरती.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. फीत महाग असायची, आणि भक्तिगीतांच्या कंपनीत इंग्रजी आल्बमची बी बाजू पुसून त्यावर आरत्या भरल्या तर त्यात नवल काय? मी पूर्ण आरती ऐकली. सुरात होती. मला राग यायला हवा होता, पण गणपतीवर रागावायचं कसं, आणि पेटीवाल्याचा हात खरंच चांगला होता.

ए बाजू मात्र शाबूत. सुरुवातीला मोजमापाचे सूर, एक हजार हर्ट्झ, दहा हजार, शंभर, आणि मग पहिलं गाणं. चार मोजून ढोल्याची काठी पडली आणि मी म्हणालो, "सर, यंत्र हळू चालतंय."

गाणं ओळखीचं, पण जड. गायकाचा आवाज एखाद्या थोराड माणसाचा. ध्वनिमुद्रकांनी शांतपणे फीत मागे नेली, मोजमापाचा सूर लावला आणि पडद्यावरचा आकडा दाखवला. बरोबर १००० हर्ट्झ. यंत्राचा दोष नव्हता.

मग वहिनींची कॅसेट लावली. आत दाबाची गादी सुटून कोपऱ्यात पडली होती. गोंद वाळला की ती सुटतेच. ती चिकटवली, हेडचा कोन स्क्रू फिरवून त्या फितीपुरता जुळवला, आणि डेकचा वेग ३१५० हर्ट्झच्या चाचणी कॅसेटवर आधी तपासून घेतला होता. वाजवल्यावर गाणं लगेच ओळखीचं झालं. चपळ, उंच, तरणंताठं. मी फोनवर पेटीचं अॅप उघडून सूर धरला. पांढरी चार, पेटीची चौथी पांढरी पट्टी. रिळावर तेच गाणं पांढरी तीन.

आता पेटीवाल्याला हे समजायला वेळ लागायला नको होता, पण लागला. पांढरी तीन म्हणजे ई. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी सोडली की जो सूर येतो, तो. आमच्या पहिल्या गाण्याची सगळी मजा त्या मोकळ्या तारेच्या घुमण्यात. एफमध्ये, म्हणजे पांढरी चारमध्ये, ती तार मोकळी वाजूच शकत नाही. तीस वर्षं मी कॅसेट ऐकत होतो आणि हे एकदाही कानाला खटकलं नाही!

ध्वनिमुद्रकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गाणं सुरू होण्याआधी ॲम्प्लिफायरची भुणभुण असते, विजेची. आपली वीज पन्नास हर्ट्झची, आणि त्या काळी बरेचदा जरा खालीच असायची. रिळावर ती भुणभुण ४९.७ भरली, कॅसेटवर ५२.७. जवळजवळ सहा टक्के, म्हणजे नेमका अर्धा स्वर. रिळावर ए बाजू २३ मिनिटं ५० सेकंद, कॅसेटवर साडेबावीस मिनिटं. दोन बाजू मिळून पंचेचाळीस मिनिटांच्या फितीत आल्बम बसवायला कारखान्यात वेग वाढवला, फीत वाचवली. हिशेब सरळ होता. बी बाजूचं रीळ नाही, तिथे ही भुणभुणच आमची फूटपट्टी झाली. तीही अर्धा स्वर वर होती.

या ठिकाणी मला ढोल्याबद्दल सांगायला हवं.

कॅसेट आली तेव्हा सगळ्यांनी पहिली गोष्ट काय म्हटली असेल तर ही की ढोल्याने घाई केली. तालमीत एवढं जलद वाजवत नव्हतो. गिटारवाला तर तोंडावर म्हणाला, "तुला बस चुकायची भीती होती काय?" ती थट्टा बँड मोडल्यावरही चालू राहिली, लग्नात, बारशात, कुठेही भेटलो तरी. ढोल्याने कधी वाद घातला नाही. उलट त्यालाच ते पटलं होतं. आजारपणात मी भेटायला गेलो, तेव्हा कसलासा विषय निघाला आणि तो म्हणाला, "मुंबईत त्या रात्री मी घाबरलेलो रे. हात आवरले नाहीत."

रिळावर पहिल्या गाण्याची लय मोजली. मिनिटाला ११२ ठोके. साळगावच्या तालमीची एक घरगुती टेप गिटारवाल्याकडे आहे; तीवर आम्ही मोजून घेतो तेव्हा मी तोंडाने "एकशे बारा" म्हणतो, ते ऐकू येतं. कॅसेटवर जवळजवळ ११९. गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत रिळावर त्याची लय हलत नाही. आम्ही चौघं इकडेतिकडे होतो, तो नाही.

मी स्टुडिओतून गिटारवाल्याला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलला नाही, मग "बरं" म्हणून ठेवून दिला.

त्यामुळे आल्बम खऱ्या वेगाने निघणार, याबद्दल मला शंका नव्हती. ए बाजू रिळावरून. बी बाजू वहिनींच्या कॅसेटवरून, वेग उतरवून. सूर आणि लय दोन्ही एकत्र खाली, जशी फीत हळू केल्यावर उतरतात तशी, नुसता सूर खाली ओढायची संगणकी करामत नाही. बी बाजूला थोडी सळसळ राहणार होती. राहू दे म्हटलं.

गायकाला फाइल पाठवली. रात्री अकराला स्विंडनहून आवाजी निरोप: "तो आवाज म्हजो न्हय." दुसऱ्या दिवशी सविस्तर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लोकांनी जे ऐकलं, ज्यावर प्रेम केलं, ते पांढरी चारमधलं. जर्मन माणूस ज्याच्या मागे लागला तेही तेच. तुम्ही जे काढताय ते कुणीही कधी ऐकलेलं नाही, मग ते पुनर्प्रकाशन कसं? आणि एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचा तरुणपणीचा आवाज तुम्ही आणखी म्हातारा करताय.

यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

जर्मन माणूसही आतून त्याच बाजूचा. त्याचं कारण वेगळं. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपुढे गेलं की खोबणी अरुंद होत जातात, मग आवाज कमी ठेवावा लागतो आणि खर्ज आवरावा लागतो. २३ मिनिटं ५० सेकंद म्हणजे हार्ड रॉक बोटाच्या टोकांवर चालवल्यासारखा. कॅसेटच्या वेगाने दीडेक मिनिट वाचत होतं. पस्तीस वर्षांनंतर तीच युक्ती पुन्हा! तो मला शांतपणे लिहीत होता, मीही शांतपणे उत्तर देत होतो, पण ती पत्रं आता वाचली तर दोघांचे दात आवळलेले दिसतात.

मतं घेतली. गिटारवाला: तीन. मी: तीन. गायक: चार. बासवाला कुठल्याशा बंदरातून लिहिता झाला: "मला दोन्ही चालतील, पण माझं नाव या वेळी नीट छापा." (कॅसेटवर त्याचं आडनाव चुकलं होतं. तेवढं सुधारलं.) ढोल्याचं मत कुणी द्यायचं, तर सही वहिनींची होती. त्या म्हणाल्या, "तुम्ही ठरवाल ते. पण माझी कॅसेट परत मिळेल ना?"

तीन ठरलं. एलपी कापणाऱ्याने आवाज थोडा खाली ठेवला. ज्याला मोठा हवा त्याने बटण फिरवावं. गायकाने सही मागे घेतली नाही. पण आल्बमसोबतच्या पुस्तिकेत त्याची एक ओळ हवी, अशी अट घातली: "या वेगाने हे गाणं गाणारा माणूस मला आठवत नाही." छापली.

चाचणीची एलपी पार्सलने आली तेव्हा आमच्यापैकी एकाकडेही रेकॉर्ड प्लेअर नव्हता. पणजीत एका ओळखीच्यांकडे जाऊन ऐकली, सुई पडताना चौघांत दोघंच हजर. नंतर तीनशे प्रती निघाल्या, त्यातल्या दहा आमच्या वाट्याला.

एक प्रत आणि कॅसेट घेऊन मी डिचोलीला गेलो. वहिनींच्या मुलाने फोनवर पहिलं गाणं लावलं. मी त्यांना सांगत होतो की हा खरा वेग, त्याने घाई केलीच नव्हती, ती कारखान्याची करामत. त्यांनी ते मान हलवत ऐकलं. "हे तर ते कायमच म्हणायचे, घाई झाली म्हणून," एवढंच बोलल्या. मग गाणं अर्धं झाल्यावर म्हणाल्या, "पण हे आमच्यासारखं वाटत नाही हो, भावजी."

एलपी त्यांनी देवघराशेजारी उभी करून ठेवली. कॅसेट उघडून आत पाहिली, नवी चिकटवलेली गादी बोटाने दाबून बघितली, आणि स्वयंपाकघरातल्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. तो अजून चालतो, दार मात्र बोटाने धरून ठेवावं लागतं. बी बाजू लागली. पांढरी चार. वहिनींनी दार एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने चहाचं आधण ठेवलं.